कांबळे मॅडमची सोंगं

कांबळे मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर गालिचा होता. गुंडाळी केलेला, तांबडा, आणि त्यांच्या उंचीपेक्षा थोडा मोठाच. तो दुसऱ्या मजल्यापर्यंत वाहून आणल्यामुळे त्यांना धाप लागली होती. पण धाप लागली म्हणून आवाज खाली यावा, हे त्यांना मान्य नव्हते. बेलचे बटण समोर असताना त्यांनी कडी वाजवली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "पावणं, हाय का घरात? गालिचं दावायला आलोय!"

आम्हाला गालिचा नको होता आणि मी तसे सांगतही होतो. त्यांनी गालिच्यासकट मला आत ढकलले, दार लावून घेतले आणि आवाज एकदम निम्म्यावर आणून म्हणाल्या, "मी सुलोचना कांबळे. परिवीक्षा अधिकारी. कोर्टानं पाठवलंय. शेजारी काय म्हणतील म्हणून ह्यो गालिचा. कुठं टेकवू?"

ह्या लेखात माझे काम फारसे नाही. पण मॅडम आमच्या घरी का आल्या हे कळण्यापुरती माझी हकिगत सांगितली पाहिजे. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मणक्याने त्रास दिला, डॉक्टरांनी वेदना कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी त्या बंद केल्या. मला करता आल्या नाहीत. पुढे वेदना नसतानाही गोळ्या लागू लागल्या, चिठ्ठीशिवाय देणारा माणूस सापडला, आणि एके दिवशी पोलिसांना तो सापडला तेव्हा त्याच्याशेजारी मी उभा होतो. गुन्हा मी कबूल केला. माझ्यासारख्या, स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल बाळगणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिली आहे. मला ती सवलत मिळाली. काही आठवडे रुग्णालयात राहायचे, नंतर घरी राहून उपचार चालू ठेवायचे, तपासण्या द्यायच्या आणि वर्षाच्या शेवटी न्यायालयापुढे अहवाल ठेवायचा. अहवाल बरा असेल तर समज देऊन सुटका. नसेल तर राहिलेली शिक्षा. माझ्या मेहुण्यांनी जामीन लिहून दिला. आणि माझ्या घरावर नजर ठेवून न्यायालयाला खरे काय ते कळवण्याचे काम कांबळे मॅडमकडे आले.

बाहेर कुणाला काही ठाऊक नव्हते. मी मणक्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आहे, असे माझ्या पत्नीने, नंदाने, सगळ्यांना सांगितले होते. आमची इमारत कसबा बावड्यात, उसाच्या शेवटच्या शेतांना खेटून. साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले की वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी बसते आणि कोणाच्या दोरीवर काय वाळते आहे हे सगळ्यांनाच पाठ असते. अशा ठिकाणी एखादी सरकारी बाई दर पंधरवड्याला एका घरी येऊ लागली तर तिचा अर्थ लावल्याशिवाय कुणी जेवणार नाही. हे मॅडमनी माझ्याआधी ओळखले होते.

त्यातून समोरचे दार पाटील काकूंचे. काकू विधवा, गुडघ्यांनी अधू, आणि त्यांचे दार सकाळी दूधवाल्याला उघडले की रात्री कुलूप लावेपर्यंत उघडेच. मॅडम गालिचा घेऊन निघाल्या तर काकू दारात उभ्या.

"बघू तरी कसला हाय."

मॅडमनी क्षणभरही न डगमगता गालिचा जिन्यातच पसरला. एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने कार्यालयाचा क्रमांक घातलेला होता. काकू गुडघे धरून वाकल्या. "ह्ये काय लिवलंय?"

"नंबर हाय काकू. सरकारी माल. ह्येची नक्कल कुणी करत न्हाई."

"टिकतो का?"

"आमच्या हापिसात," मॅडम म्हणाल्या आणि लगेच सावरल्या, "म्हंजे आमच्या गिऱ्हाइकाच्या हापिसात, चार सायब बदललं, गालिचा न्हाई बदलला."

काकूंनी रंग आवडला नाही म्हणून सांगितले. मॅडमनी गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेतली आणि जिना उतरताना मागे वळून काकूंना म्हणाल्या, "दुसरा रंग आला की येतो!" मी दाराआड उभा राहून घामाघूम झालो होतो. माझ्या अब्रूसाठी एक सरकारी अधिकारी कार्यालयातला गालिचा उचलून आणते, ह्या विचाराने मला कृतज्ञ वाटायला हवे होते; मला फक्त भीती वाटली की हे सोंग टिकणार नाही.

मॅडम बुटक्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, खाली पांढरे खेळाडूंचे बूट, आणि डोक्यावर हेल्मेट. ते घरात आल्यावरसुद्धा बऱ्याच वेळाने उतरत असे, कारण बोलण्याच्या भरात त्यांना त्याची आठवण राहत नसे. पर्समध्ये भडंगाची पुडी कायम. माहेर गडहिंग्लजच्या बाजूचे. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांप्रमाणे त्याही 'मी येतो', 'मी सांगतो' म्हणत. मात्र रागावल्या की त्यांच्या मराठीत कानडी शिरे आणि समोरचा कितीही मोठा असला तरी त्याचा 'एनप्पा', म्हणजे 'काय रे बाबा', होई. त्यांच्या तोंडून 'व्यसनी', 'आरोपी', 'गुन्हेगार' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. त्यांच्याकडे सोपवलेले सगळेच त्यांच्या लेखी 'पावणं' होते. "माझं बारा गावचं पावणं," असे त्या म्हणत, जणू आम्हा सर्वांकडे त्यांना जेवायलाच बोलावलेले असावे.

घरात आल्या की त्या थेट स्वयंपाकघरात जात. ह्याला झडती म्हणावे की पाहुणचार, हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. नंदाशी गप्पा मारत त्या डब्यांची झाकणे उघडत, कांदा-लसूण मसाला चिमटीत घेऊन तिखट कमी आहे म्हणून सांगत, आणि बोलता बोलता हात तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत घालत. "तांदूळ जुना दिसतोय," म्हणत हात बाहेर काढत. काही सापडले नाही की चहा मागत.

त्यानंतर माझी पाळी. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले, "पावणं, समजा आज लपवायचं झालं, तर कुठं लपवशीला?"

मला तो सापळा वाटला. मी म्हणालो, मला काही लपवायचे नाही.

"आवो, नुसतं सांगा. मी बगणार न्हाई. मला शिकायला मिळतंय."

शेवटी मी सांगितले, विजेच्या बोर्डाच्या मागे. त्यांनी टाळी वाजवली. "बोर्डाच्या मागं! वा! ह्यो नवीन हाय!" आणि खूश होऊन त्यांनी मला एका दुसऱ्या पाहुण्याची गोष्ट सांगितली. त्याने पुड्या म्हशीच्या गळ्यातल्या घंटीत कोंबल्या होत्या. घंटी वाजायची बंद झाली म्हणून सापडला. "नाव सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या, "म्हशीचंबी न्हाई."

ह्या खेळाला नेम होता. दर भेटीला एक जागा सांगायची. मी सुरुवातीला टाळाटाळ करत असे. नंतर त्यांच्या येण्याआधी जागा शोधून ठेवू लागलो. पडद्याच्या पोकळ नळीत. बुटाच्या तळव्याखाली. फक्त उपवासाला उघडणाऱ्या साबुदाण्याच्या डब्यात. त्या प्रत्येक जागेला त्या दाद देत, कधी नाक मुरडत. साबुदाण्याला म्हणाल्या, "ह्ये जुनं झालं. नवीन काडा." एकदा मी फार संकोचून सांगितले की वडिलांच्या फोटोच्या मागे, आणि त्यातली खरी गोष्ट अशी होती की पूर्वी मी तिथे खरोखरच लपवत होतो. त्या दिवशी टाळी वाजली नाही. त्या उठून फोटोपुढे गेल्या, हेल्मेट काढले, आणि वडिलांकडे पाहत म्हणाल्या, "ह्यास्नी राखणीला बसवलं व्हय."

इतकेच. पण त्यानंतर काही दिवस मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो. असे करता करता माझ्या घरातल्या लपवण्याच्या सगळ्या जागा मी एकेक करून त्यांना देऊन टाकल्या. समुपदेशकांनी मला पुष्कळ चांगल्या गोष्टी शिकवल्या, त्या मी वहीत लिहूनही घेतल्या. परंतु गोळीची तलफ आली असताना मला अडवत असे ती एकच लाजिरवाणी अडचण: ही जागा मॅडमना ठाऊक आहे.

गालिच्यानंतर मॅडम काही दिवस पाण्याचा फिल्टर विकत होत्या. मग गुडघ्याचे तेल. तेल म्हणजे त्यांच्या घरचे खोबरेल आणि त्यात कापूर, हे त्यांनीच मला सांगितले. काकूंनी बाटली हुंगली आणि जिन्यातच खुर्ची टाकून गुडघे पुढे केले. माझा अहवाल लिहायला आलेल्या अधिकारी बाई अर्धा तास पाटील काकूंचे गुडघे चोळत बसल्या आणि मी दाराच्या फटीतून ते पाहत राहिलो. "काय गुण हाय!" काकू म्हणत होत्या. "लई लांबनं मागवतो काकू," मॅडम म्हणत होत्या.

सगळ्यांत अंगाशी आले ते लग्न जुळवण्याचे सोंग. कल्पना मॅडमना फार आवडली होती. लग्न जुळवणाऱ्या बाईने कुणाच्याही घरी कितीही वेळा जावे, कुणी हटकत नाही. पण आम्हाला लग्नाचे कुणी नाही, ही गोष्ट त्या विसरल्या होत्या आणि काकू विसरल्या नव्हत्या. काकूंनी त्यांना दारातच गाठले.

"ह्यांच्यात कुणाचं जमवतासा?"

"ह्यांच्या भाच्याचं."

"मग आमच्या अभिजितचंबी बघा की. डेअरीत हाय. परमनंट." आणि काकू आत जाऊन मुलाच्या माहितीचा कागद घेऊन आल्या. चहाही टाकला. मला आणि नंदाला साक्षीदार म्हणून बोलावले. कागद देता देता त्यांनी विचारले, "आडनाव काय तुमचं?"

"कांबळे."

काकू "बरं, बरं" म्हणत आत गेल्या. चहा आला तो आम्हाला कपबशीतून आणि मॅडमना कागदी कपातून. मी तो कप पाहिला. नंदानेही पाहिला. बोललो दोघेही नाही. त्या क्षणी मला वाटले की मी बोललो तर सोंग उघडे पडेल, आणि ही सबब मला इतकी सोयीची वाटली की आजही ती आठवली की मान खाली जाते.

मॅडमनी कप उजेडाकडे धरून चारी बाजूंनी पाहिला. "काकू, असलं कप कशाला आणून ठेवतासा? मी आता सारखा येणार. तुमच्या पोराचं जमंस्तवर किती कप लागतील? कपाटातला एक काडा की, धुऊन ठेवतो मी."

काकूंचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. त्या उठल्या, कपाट उघडले, आणि पाहुण्यांसाठीच्या संचातला निळ्या फुलांचा कप काढून त्यात चहा ओतला. ओतताना घाई झाल्याने निम्मा बशीत गेला. मॅडमनी बशीतला आधी प्यायला, आवाज करून. "आता कसं," म्हणाल्या, "मुलीची उंची किती पायजे?" आणि जाताना अभिजितचा कागद त्यांनी खरोखरच पर्समध्ये, भडंगाच्या पुडीशेजारी, नीट घडी करून ठेवला.

हे सगळे हसत-खेळत चालले असताना वर्ष संपत आले. मी तपासण्यांत स्वच्छ होतो. मॅडम म्हणत, "पावणं, तुमी मला कंटाळा आणलासा. लिवायला काय न्हाई." आणि मग फाउंड्रीत एका दुपारी हमाल आला नाही म्हणून मी स्वतःच, साच्यांच्या वाळूत मिसळतात त्या बेंटोनाइट मातीचे पोते सरकवायला गेलो. मणक्यात कळ आली. पुढचे सांगायला फार शब्द लागत नाहीत. एका जुन्या ओळखीच्याने संध्याकाळी दोन गोळ्या हातावर ठेवल्या, आणि घरी पोहोचण्याआधीच त्या माझ्या पोटात होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम मिक्सर दुरुस्तीवाल्या म्हणून आल्या. हातात मिक्सरचे भांडे. जिन्यात ओरडून झाले, दार लागले, डबे पाहून झाले. मग खुर्चीत बसत त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "बोला पावणं. आज कुठं लपवशीला?"

मी म्हणालो, "लपवल्या आहेत."

त्या हसल्या. "कुठं?"

"पोटात. काल."

त्यांनी हेल्मेट काढले. नंदाला काहीच माहीत नव्हते. ती ओट्याजवळून धावत आली. तिने मॅडमचे हात धरले. "मॅडम, एवढं लिहू नका. सगळ्या वर्षात एकदाच. तारीख तोंडावर आली आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

"तुम्ही आमच्यासाठी एवढं खोटं बोललात…"

"वहिनी," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा तो हळू आवाज मला नेहमीच्या ओरडण्यापेक्षा मोठा वाटला, "मी खोटं फकस्त शेजाऱ्यास्नी बोलतो. त्येचा मला पगार न्हाई, हौसेनं बोलतो. कोर्टाला न्हाई. आज ह्येंच्यासाठी एक खोटं लिवलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचं खरं चांगलं लिवीन त्येच्यावर सायब कसा इस्वास ठेवतील? एकाला वाचवायला जाऊन सगळ्या पावण्यांचं वाटोळं." मग माझ्याकडे वळून, "एनप्पा, बसलासा काय? उठा. दवाखान्यात चला. आत्ता."

आम्ही निघालो तर काकू दारात. "कुठं निघाला दोघं?"

"मिक्सरचा पार्ट बघायला," मॅडम म्हणाल्या. "ह्यास्नी मॉडेल म्हाईत हाय."

असा मी, केस पिकलेला, मिक्सरचे भांडे मांडीवर धरून एका बाईच्या स्कूटरवर मागे बसून रुग्णालयात गेलो. वाटेत सिग्नलला त्या एवढेच म्हणाल्या, "भांडं नीट धरा. घरचं हाय."

तारखेच्या दिवशी न्यायालयात मेहुणे आले होते, पांढऱ्या कडक कपड्यांत. सुटका झाली तर पुढच्या मुदतीसाठी नव्याने जामीन लागणार होता आणि तो लिहून द्यायचे त्यांनी कबूल केले होते. मॅडमचा अहवाल न्यायाधीशांपुढे गेला. मॅडम साक्षीला उभ्या राहिल्या त्या हेल्मेटशिवाय, आणि त्यांची भाषा ऐकून मी चकित झालो. पुस्तकात छापावी अशी.

"आपण लिहिले आहे की मध्यंतरी यांनी पुन्हा गोळ्या घेतल्या," न्यायाधीश म्हणाले. "आपल्याला कसे कळले?"

"त्यांनी स्वतः सांगितले, महोदय. त्याच दिवशी उपचारासाठी हजरही झाले. त्यानंतरच्या तपासण्या जोडल्या आहेत."

"आपण विचारले म्हणून सांगितले?"

"मी लपवण्याची जागा विचारली होती, महोदय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

मॅडमनी तो खेळ सगळा समजावून सांगितला. बोर्ड, पडद्याची नळी, साबुदाणा. टंकलेखक हसू दाबत होता. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी मला पुढे बोलावून विचारले, "अजून काही जागा शिल्लक आहे?"

"नाही, महोदय."

ते काही वेळ कागद चाळत राहिले. मग त्यांनी समज देऊन मला सोडण्याचा आदेश सांगितला. ठरलेल्या मुदतीपर्यंत व्यसनापासून दूर राहण्याचे बंधपत्र आणि त्यासोबत जामीनदार. नंदाने डोळे मिटून हात जोडले. मी मेहुण्यांकडे पाहिले. ते उठून दाराकडे चालले होते.

"घरात एकदा विचारून सांगतो," ते नंदाला म्हणाले. "पुन्हा घेतल्या, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?" त्यांच्यावर मी आजही रागावू शकत नाही. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. न्यायाधीशांनी दुपारच्या सुट्टीनंतरपर्यंत वेळ दिला. तोवर जामीनदार उभा राहिला नाही, तर त्या दिवशी मला पोलिसांबरोबर जावे लागणार होते.

आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर बसलो. मॅडमना जामीन राहता येत नव्हते. नंदाच्या नावावर काही नव्हते. ती उठून कोपऱ्यात जाऊन एक फोन करून आली; मेहुण्यांनाच पुन्हा लावला असेल, असे मला वाटले. फाउंड्रीत कुणाला फोन करावा तर आधी सगळे सांगावे लागणार. मॅडमनी भडंगाची पुडी काढली आणि न उघडता पुन्हा ठेवली.

आणि तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून, गुडघे सांभाळत, पाटील काकू येताना दिसल्या.

मॅडम ताडकन उठल्या. हातातली फाइल पाठीमागे गेली, पदर डोक्यावर आला आणि आवाज मूळ पट्टीवर चढला. "अगंबया, काकू! तुमी हिकडं कुठं? मी आपला एका लग्नाच्या भानगडीत आलतो. घटस्फोटाची पार्टी हाय, पर मुलगी चांगली…"

"असू दे मॅडम," काकू म्हणाल्या. "आता पुरं. जामीन कुठं लिवायचा तेवढं सांगा." त्यांनी पिशवीतून आधार कार्ड आणि घरफाळ्याची पावती काढली. "फ्लॅट माझ्याच नावावर हाय."

"कसला जामीन?" मॅडमनी शेवटचा प्रयत्न केला.

"ह्येंचा की. तुमच्या आधी कोर्टाचा शिपाई आलता कागद घेऊन. ह्ये तवा दवाखान्यात. त्यानं माझंच दार वाजवलं. नाव, कलम, समदं जिन्यात उभा राहून वाचून दावलं."

"म्हंजे गालिच्याच्या आधी?"

"आधी."

"मग मी गालिचा पसरला तवा…"

"तवा आमी बगत हुतो, ही बाई कुठवर जाती."

"आमी म्हंजे?"

"खालच्या दोन्ही बिऱ्हाडांस्नी म्हाईत हाय. वरच्या मास्तरांस्नी हाय. किराणावाल्याला हाय. तुमी स्कूटर लावली की तो मला फोन करतो, आज कोण हाय म्हणून." काकू बाकावर टेकल्या. "मागं एकदा त्यो म्हणाला भांडंवाली हाय. मी म्हटलं, न्हवं, मिक्सर."

मॅडमनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, पाठीमागची फाइल पुढे आणली. शेवटी त्या म्हणाल्या, "मग बोलला का न्हाई काकू?"

"लई मन लावून खोटं बोलत हुता तुमी. मोडवंना." मग काकूंनी माझ्याकडे न पाहता पुढे म्हटले, "आणि ह्यास्नीबी वाटू दे म्हटलं, कुणाला काय ठावं न्हाई. मान वर करून जिना चढत हुते बिचारे."

मी वर्षभर मान वर करून जिना चढत होतो, हे खरे आहे. आपण लपलो आहोत, असे मला वाटत होते. इमारतीने मला लपवून ठेवले होते, हे मला त्या बाकावर कळले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुम्हाला म्हाईत हुतं?"

"नाही."

मग नंदाकडे वळल्या. नंदा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागली.

"म्हंजे सगळ्या बिल्डिंगीत," मॅडम म्हणाल्या, "खुळं आपण दोघंच!" आणि न्यायालयाचा व्हरांडा दणाणेल अशा त्या हसल्या. शिपायाने येऊन गप्प बसायला सांगितले. तेव्हा त्यांनी पुडी फोडली आणि पहिली मूठ त्यालाच दिली.

दुपारनंतर काकूंनी न्यायाधीशांपुढे सही केली. सगळे सोपस्कार पुरे व्हायला उन्हे उतरली. आता माझी घरभेट नव्हती. त्यामुळे त्यानंतर मॅडम आमच्याकडे आल्या नाहीत, आणि मीही त्यांना पुन्हा पाहिले नाही. शेवटचे पाहिले ते त्या दिवशी, न्यायालयाच्या आवारात.

त्या स्कूटरला किल्ली लावून, हेल्मेट घालून निघायच्या बेतात होत्या. गडहिंग्लजकडे एक नवे घर त्यांच्याकडे आले होते, पहिली भेट दुसऱ्याच दिवशी. किल्ली फिरवता फिरवता त्या थांबल्या आणि काकूंना म्हणाल्या, "काकू, खरं सांगा. ह्यातलं कुठलं सोंग जरा तरी खरं वाटलं?"

काकूंनी प्रश्न फार गंभीरपणे घेतला. "तेलाचं बरं हुतं. गुडघ्याला गुण आला. गालिचा अजिबात नको. फिल्टरबी नको, तुम्हाला नळ सोडाय येत न्हवता."

"मग तिकडं काय होऊन जाऊ? तिकडं माणसं लई चौकस."

"घर कसलं हाय? म्हसरं हाईत का?"

"हाईत की. तीन."

"मग पेंडीची एजन्सी सांगा. पेंडीवाल्याला कुणी हाकलत न्हाई. पर पेंडीतलं तुम्हाला काय कळतं?"

"शिकवा की."

नंदाने मला खूण केली की निघू या. मी आदेशाची प्रत हातात घेऊन पुढे झालो, काकूंना रिक्षा बोलवावी म्हणून. काकूंनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. "थांबा वो जरा. हितं महत्त्वाचं चाललंय." त्यांनी स्कूटरच्या सीटवर पिशवी ठेवली आणि सरकीची पेंड कशी, शेंगदाण्याची कशी, चिमटीत कुस्करून वास कसा घ्यायचा, हे हातवारे करून सांगायला सुरुवात केली, आणि हेल्मेट घातलेल्या कांबळे मॅडम, रिकाम्या चिमटीत नसलेली पेंड कुस्करत, ती नाकाशी धरत, मान डोलावत होत्या.